एक दिवस थांबता आले नसते का?

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि तुमच्याआधी लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या काउंटरपाशी आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत अनेकांनी विचारले म्हणून, एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. यापुढे कोणी विचारले की हेच वाचायला देईन. प्रश्न ठरलेला असतो. ‘तुम्ही तर जन्म अकाउंट्समध्ये काढलात, अख्ख्या कारखान्याचे फॉर्म 16 तुमच्या हातून गेले, मग तुमच्याच रजेच्या पैशांवर एवढा कर कसा बसला? एक दिवस थांबता आले नसते का?’ विचारणाऱ्याच्या स्वरात कधी सहानुभूती असते, कधी किंचित मौज असते, आणि मला दोन्हींचा सारखाच त्रास होतो.

मी 31 मार्च 2023 रोजी निवृत्त झालो. खासगी नोकरांना न घेता साठवलेल्या रजेबद्दल निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या पैशांवरील करसूट तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली, ती 1 एप्रिल 2023 पासून. आमच्या कंपनीत आठ महिन्यांच्या पगाराइतकी रजा साठवता येत असे. बेसिक आणि डीए मिळून महिन्याला 1,05,000 रुपये, म्हणून माझे 8,40,000 रुपये झाले. त्यांतील तीन लाख सुटले. उरलेल्या 5,40,000 रुपयांवर तीस टक्के कर आणि त्या करावर चार टक्के उपकर, असे 1,68,480 रुपये गेले. नव्या मर्यादेखाली यांतला एक रुपयाही करपात्र ठरला नसता. त्यात ही रक्कम पूर्ण वर्षाच्या पगाराच्या डोक्यावर येऊन बसल्यामुळे सगळीच्या सगळी वरच्या टप्प्यात गेली. एप्रिलअखेर निवृत्त झालो असतो, तर त्या आर्थिक वर्षात पगार एकाच महिन्याचा असता आणि जुनी मर्यादा कायम राहिली असती तरीही कर बराच कमी बसला असता. हे मला ठाऊक नव्हते असे कृपया समजू नका. हेच गणित मी निवृत्तीला टेकलेल्या माणसांना वर्षानुवर्षे कागदावर मांडून दाखवत होतो.

आता तीन लाखांविषयी, कारण माझी खरी तक्रार त्या एका दिवसापेक्षा या आकड्याशी आहे. तो ठरला 2002 साली. तेव्हा सरकारातील सर्वांत वरचा मूळ पगार महिना 30,000 रुपये होता आणि सूट जास्तीत जास्त दहा महिन्यांच्या पगाराइतकी मिळते, म्हणून तीन लाख. पुढे सहाव्या वेतन आयोगाने तो सर्वोच्च पगार 90,000 वर नेला, सातव्याने अडीच लाखांवर नेला आणि तीन लाख जिथल्या तिथे राहिले. ज्या मर्यादेत एके काळी देशातला सर्वांत मोठा सनदी अधिकारी मावत होता, तिच्यात वीस वर्षांनी कारखान्यातला मधल्या फळीचा माणूसही मावेनासा झाला. या काळात खासगी नोकराच्या रजेवर कर वाढवल्याची घोषणा कोणत्याही अर्थमंत्र्याने केली नाही. करायची गरजच नव्हती. महागाई आणि पगारवाढ यांनी ते काम परस्पर केले. सरकारी नोकरांना मात्र ही मर्यादा मुळातच लागू नाही. माझा थोरला भाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, तेव्हा त्याची साठवलेली सगळी रजा करमुक्त मिळाली. दादाबद्दल मला आकस नाही. पण दिवाळीच्या फराळाला तोच जेव्हा ‘तू एक दिवस थांबायला हवं होतंस’ असे म्हणतो, तेव्हा मी चिवड्याकडे लक्ष देतो.

1 फेब्रुवारी 2023 रोजी अर्थसंकल्पाचे भाषण आम्ही अकाउंट्समध्ये बॉक्स फाइलला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर ऐकत होतो. निर्मला सीतारामन यांनी हीच हकिगत, 2002 चे साल आणि 30,000 चा पगार यांसह, सांगितली आणि मर्यादा पंचवीस लाख करण्याचा प्रस्ताव असल्याचे जाहीर केले. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, एकाने ‘साहेब, पेढे’ म्हणून आरोळी ठोकली. मी विचारले, ‘कधीपासून?’ भाषणात तारीख नव्हती. रात्री घरी वित्त विधेयक उघडून पाहिले. त्यातही नव्हती, कारण हा आकडा कायद्यात लिहिलेला नसतो, सरकार तो वेगळ्या अधिसूचनेने ठरवते. अधिसूचना केव्हा निघेल आणि कोणापासून लागू होईल, हे त्या फेब्रुवारीत कोणालाच सांगता येत नव्हते. अंदाज मात्र करता येत होता, आणि तो मी केला.

म्हणजे थांबण्याचा प्रयत्न मी केला होता. हे मी आजवर फारसे कोणाला सांगितलेले नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक महिन्याच्या मुदतवाढीचा अर्ज लिहिला. कारण लिहिले वर्षअखेरच्या ऑडिटचे, आणि ते खोटे नव्हते. एप्रिलमध्ये ऑडिटर येऊन बसतात तेव्हा स्टॉकचे जुने कागद कुठे आहेत हे मला जेवढे माहीत होते, तेवढे दुसऱ्या कोणाला नव्हते. पण खरे कारण ते नव्हते, आणि एचआरच्या प्रमुखाला ते ओळखायला अर्ज वाचून संपवावाही लागला नाही. माझ्या मुलीच्या वयाचा तो मुलगा. त्याने मला बसायला सांगितले, चहा मागवला आणि म्हणाला, ‘साहेब, ऑडिटसाठी तुम्हाला महिनाभर कन्सल्टंट म्हणून घेतो, मानधन देतो. पण सर्व्हिस वाढवता येणार नाही. पेंट शॉपचे दोघं तुमच्याच तारखेला चाललेत, त्यांना काय सांगू?’ मी म्हणालो की, त्यांची रक्कम तीन लाखांच्या आतच आहे, त्यांचे काही जात नाही. तो म्हणाला, ‘त्यांना एक महिन्याचा पगार जातोय असं वाटेल ना.’ हे बरोबर होते. मग त्याने कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर न ठेवता नुसतीच टेबलावर आडवी ठेवली. ‘आणि साहेब, मुदतवाढ देऊ नये हा नोट तुमच्याच सहीचा आहे.’

तो नोट 2018 सालचा होता. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर आमचा एक शिफ्ट सुपरवायझर निवृत्त झाला. कंपनीच्या करारामुळे त्याला ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार निवृत्तीच्या वेळी मिळणारी ठोक रक्कम, बारा लाखांच्या वर मिळाली. सूट दहा लाखांची होती, म्हणून वरच्या रकमेवर कर कापला गेला. 29 मार्च 2018 रोजी मर्यादा वीस लाखांची झाली. एप्रिलमध्ये तो वर्तमानपत्राचे कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेटवर पास काढून माझ्याकडे आला. त्याचे म्हणणे साधे होते : ‘भाऊसाहेब, चौतीस वर्षं काढली, महिनाभर कमी पडलं?’ मी त्याला सांगितले की, कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि रेघेच्या अलीकडे कोणीतरी असतेच. त्यावर त्याने विचारले की, सरकारी नोकरांना वीस लाख 1 जानेवारी 2016 पासून मिळाले, मग त्यांची रेघ दोन वर्षे मागे कशी गेली? मी उत्तर दिले नाही. त्यानंतर तशाच मागण्या येऊ लागल्या, व्यवस्थापनाने अकाउंट्सचे मत मागितले आणि मी लिहून दिले की, कराच्या सवलतीसाठी सेवाकाल वाढवण्याचा पायंडा पाडू नये. तो नोट आजही मला योग्य वाटतो. तो मी आज पुन्हा लिहिला असता की नाही, ते मात्र मला विचारू नका.

चहा संपवून मी अर्ज परत घेतला. 31 तारखेला शाल-श्रीफळ झाले, फोटो झाले, पेंट शॉपच्या दोघांनी माझ्या पाया पडू नये म्हणून मी मागे सरकलो आणि त्यात खुर्ची पडली. एप्रिलभर कन्सल्टंट म्हणून त्याच टेबलाशी बसून त्याच ऑडिटरला तेच कागद काढून दिले. कामात फरक काहीच नव्हता; कायद्याच्या दृष्टीने तेवढा मी आदल्या महिन्यात निवृत्त झालेला माणूस होतो.

अधिसूचना निघाली 24 मे रोजी. तिच्यात शेवटी लिहिले होते की, ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आल्याचे मानले जाईल. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. म्हणजे मागे जाता येते; मे महिन्यात बसून एप्रिलपर्यंत जाता आले. आणि 2002 ची अधिसूचना काढून पाहिली, तर ती निघाली होती 31 मे 2002 रोजी आणि लागू केली होती 1 एप्रिल 1998 नंतर निवृत्त झालेल्यांना. तेव्हा चार वर्षे मागे जाता आले, या वेळी आठ आठवडेसुद्धा पुरे गेले नाहीत. 2018 चा मी यावर म्हणेल की, चार वर्षे मागे नेली असती तरी पाचव्या वर्षीचा माणूस याच खुर्चीत बसून हेच लिहीत बसला असता. खरे आहे. पण त्या पाचव्या वर्षीच्या माणसाचे म्हणणे खोटे ठरले असते का? मर्यादा दर वेतन आयोगाबरोबर आपोआप हलत राहिली असती, तर एका रात्रीत तीनाचे पंचवीस करण्याची वेळच आली नसती आणि रेघेच्या दोन बाजूंना असलेल्या माणसांत इतके अंतर पडले नसते. त्यावर जुना मी काय म्हणेल, ते मला अजून सुचलेले नाही.

काहींना जन्मतारखेचा मुद्दा सुचतो, म्हणून तोही घेतो. आमच्या कंपनीत अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होतील त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती असे. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती टाकली. दादाचीही तीच आहे. माझ्या वेळी आईने हट्टाने शिमग्याच्या आसपासची खरी तारीख शोधून आणली, म्हणून मी मार्चमधला. माझ्याच वर्षीचे, 1 जूनवाले दोन सहकारी पूर्ण सूट घेऊन गेले. यात कोणाचा काय दोष आहे, ते तुम्हीच ठरवा.

रजा आधी का घेतली नाही, असेही विचारले जाते. नोकरीत असताना रजा विकली तर ते पैसे पूर्णपणे करपात्र असतात, त्यामुळे ती वाट बंदच होती. आणि प्रत्यक्ष रजा घ्यायची म्हटले तर अकाउंट्समध्ये मार्च क्लोजिंगचा, एप्रिल-मे ऑडिटचा, पुढे रिटर्नचा, आणि जीएसटी आल्यापासून प्रत्येक महिन्याची वीस तारीख डोक्यावर. वडिलांच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी होतो. ती साठलेली रजा कोणी मला भेट दिलेली नव्हती. उत्पन्न म्हणून तिच्यावर कर लावताना हे कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

‘आता बारा लाखांपर्यंत करच नाही, मग कशाला उगाळता?’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की, ती सवलत नव्या करप्रणालीत 2025-26 पासूनची आहे आणि माझा कर 2022-23 चा होता. ‘पीएफ तसाच पडू द्या, व्याज करमुक्त आहे’ हा सल्लाही मला देऊ नका. नोकरी सुटल्यानंतर जमा होणारे पीएफचे व्याज करपात्र असते. आणि रिटर्नमध्ये पंचवीस लाखांची मर्यादा धरून पूर्ण सूट मागा, नोटीस आली तर बघू, असे सुचवणारेही भेटले. ती मी मागितली नाही. तत्त्व म्हणून मागितली नाही की नोटिशीच्या भीतीने, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. दुसऱ्याला विचारले असते तर मी तत्त्व असेच सांगितले असते.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की, आठ लाख रजेचे मिळालेल्या माणसाने रडू नये. आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे वीस-वीस वर्षे काम केलेल्यांना रजेचा एक पैसा मिळत नाही, हे मला माहीत आहे. त्यांची बिले मीच पास करत होतो. पण त्यांना मिळत नाही म्हणून माझ्यावर लावलेला कर योग्य ठरतो, हे मला पटत नाही, आणि माझे गेले म्हणून त्यांच्यापेक्षा मोठा अन्याय झाला, असेही मी म्हणत नाही. पंचवीस लाख हा आकडाही सातव्या आयोगाच्या अडीच लाखांच्या पगारावर बेतलेला आहे आणि आता आठवा आयोग नेमला गेला आहे. तो पगार वाढला की ही मर्यादा त्याच दिवशी वाढेल की पुन्हा वीस वर्षे जातील, हे तुमच्यापैकी ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे त्यांनी आपापल्या खासदाराला विचारावे. मला विचारायचे असेल तर पीएफच्या फॉर्मचे विचारा. तो अजून भरून देतो.