शिफ्लाँजचा भोंगा : लक्झेंबर्गमधलं पोलाद आणि युद्ध

लक्झेंबर्गचं क्षेत्रफळ 2,586 चौरस किलोमीटर. मुंबईचे दोन जिल्हे सोडले तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याहून हा देश लहान. शिवाय 2020पासून इथे बस, ट्राम आणि रेल्वेच्या साध्या वर्गाला तिकीटच नाही. त्यामुळे सकाळी राजधानीच्या पूर्वेला सैनिकांच्या दफनभूमी बघाव्यात आणि दुपारी दक्षिणेला पोलादाच्या भट्ट्या, हे आरामात जमतं. युद्धस्मारकं एका सहलीत आणि कारखाने दुसऱ्या सहलीत, अशी वाटणी मात्र करू नये असं मी सांगेन. या देशात ती एकच गोष्ट आहे.

सुरुवात राजधानीजवळच्या हामला केली. अमेरिकन दफनभूमीत पाच हजारांवर सैनिक आहेत, बहुतेक 1944-45च्या हिवाळ्यात जर्मनांशी झालेल्या आर्देनच्या लढाईत पडलेले. पांढऱ्या संगमरवरी क्रुसांच्या रांगा उतारावर कमानीसारख्या वळत जातात, मधूनच ज्यू सैनिकाचा सहा टोकांचा तारा दिसतो. शेजारीशेजारी पुरलेल्या सख्ख्या भावांच्या 22 जोड्या आहेत हे कळल्यावर मी रांगांमधून एकसारखी आडनावं शोधत फिरले, आणि सापडली की पाय जड व्हायचे. या सैनिकांचे सेनानी जनरल पॅटन यांची कबर सगळ्यांच्या पुढे, एकटी आहे. डिसेंबर 1945मध्ये, युद्ध संपल्यावर, जर्मनीत मोटार अपघातानंतर ते गेले आणि इथे आपल्या सैनिकांमध्ये पुरले गेले. बघणाऱ्यांची इतकी गर्दी व्हायला लागली की आजूबाजूच्या कबरी तुडवल्या जाऊ नयेत म्हणून त्यांची कबर पुढे हलवली.

तिथून दीडेक किलोमीटरवर सँडवाइलरची जर्मन दफनभूमी. इथे 10,913 जण आहेत, म्हणजे हामच्या दुपटीहून जास्त, पण माणसं फारशी फिरकत नाहीत. झाडांच्या सावलीत काळपट दगडाचे बुटके क्रूस, एकेका क्रुसावर एकाहून जास्त नावं. जवळजवळ निम्मे एका सामूहिक कबरीत आहेत. नावांपुढची जन्मवर्षं वाचत गेले. कित्येक जण विशीसुद्धा न गाठलेले. हामला जाणाऱ्या प्रत्येकाने इथवर चालत यावं असं मला मनापासून वाटतं.

राजधानीतला सोनेरी स्त्रीचा पुतळा, ‘गेल्ले फ्रा’, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढायला गेलेल्या लक्झेंबर्गी स्वयंसेवकांसाठी 1923मध्ये उभारला. देशाचा ताबा घेतलेल्या नाझींनी 1940मध्ये तो पाडला. पुढे चाळीस वर्षं त्याचा पत्ता नव्हता. 1980च्या सुमारास तो फुटबॉल स्टेडियमखाली सापडला आणि 1985मध्ये पुन्हा उंच स्तंभावर चढला. फोटो काढायला छान जागा आहे. पण माझं मन दक्षिणेत होतं.

दक्षिणेतला लाल मातीचा पट्टा म्हणजे मिनेट. इथल्या लोहखनिजात लोखंड जेमतेम तीस टक्के आणि फॉस्फरस फार, त्यामुळे त्यापासूनचं पोलाद ठिसूळ व्हायचं. 1870च्या दशकाच्या शेवटी थॉमस पद्धत आली. भट्टीला आतून चुनखडीवर्गीय अस्तर दिलं की फॉस्फरस मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर साचणाऱ्या गाळात, उतरतो. पोलाद सुधारलंच, वर ती मळी दळून शेतात खत म्हणून जाऊ लागली. शेतकऱ्यांच्या गरीब देशात भट्ट्या पेटल्या, इटलीहून मजूर आले, गावांची शहरं झाली.

याच पट्ट्यातल्या बेलवालला ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्ट्या, ए आणि बी अजून उभ्या आहेत. सी चीनने विकत घेतली आणि सुटी करून नेली. देशातली शेवटची झोतभट्टी, म्हणजे बी, 1997मध्ये थंड झाली. ‘ए’वर 180 पायऱ्या चढून चाळीस मीटरवर जाता येतं. वरून पाइपांचं जंगल खाली दिसतं, आणि पलीकडे विजेच्या भट्टीवर आजही चालणारा आर्सेलर-मित्तलचा कारखाना. ज्या मित्तल घराण्याचा पत्र्याचा कारखाना आपल्या नागपुरात होता, त्यांनी 2006मध्ये इथली आर्सेलर कंपनी घेतली. खनिज आणि कोक (भट्टीत जाळायचा भाजलेला कोळसा) साठवायच्या इमारतीत आता विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. रंगरंगोटी जरा जास्त झालीये. काजळीची एखादी भिंत तशीच ठेवायला हवी होती. पण मी गिरणगावातल्या घरातली. परळ-लालबागला गिरण्यांच्या चिमण्या पडून मॉल उभे राहिलेले पाहिलेत. भट्टी जागेवर ठेवून तिच्याभोवती विद्यापीठ वसवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो, थोडा हेवाही.

शेजारच्या शिफ्लाँजला बघायला त्या मानाने काही नाही. पोलाद कारखाना बंद पडलाय, जागेवर नवी वसाहत होऊ घातली आहे. तरी मी कुंपणाबाहेरच्या रस्त्याने सगळी हद्द चालले. 30 ऑगस्ट 1942ला नाझी गाउलायटर, म्हणजे इथला प्रांतप्रमुख, गुस्ताव्ह सिमोनने जाहीर केलं की लक्झेंबर्गच्या तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती व्हावं लागेल. दुसऱ्या दिवशी उत्तरेत विल्ट्झच्या कामगारांनी काम थांबवलं, आणि संध्याकाळी शिफ्लाँजच्या कारखान्याचा भोंगा वाजला. तो वाजवणारा कामगार आडाम मूळचा जर्मन होता. माणसं भट्ट्या सोडून बाहेर पडली. शाळांमधली मुलं, शिक्षक, कारकूनही संपात उतरले. तेव्हा देशाची लोकसंख्या तीन लाखही नव्हती, समोर जर्मनी होता, आणि लढाई ऐन भरात होती.

नाझींनी 21 जणांना मारलं. वीस जणांना जर्मनीतल्या हिन्झर्टच्या छळछावणीजवळ गोळ्या घातल्या. आडाम जर्मन नागरिक, म्हणून कोलोनला नेऊन त्याचा शिरच्छेद केला. मारलेल्यांची नावं छापलेली पत्रकं भिंतींवर चिकटवली. भरती थांबली नाही. दहा हजारांवर पोरं जर्मन गणवेशात गेली, त्यातली हजारो परतली नाहीत.

हे सगळं नीट समजून घ्यायचं तर एश शहरातलं राष्ट्रीय प्रतिकार संग्रहालय बघा. 1956मध्ये उभं राहिलं, विस्तार होऊन 2024मध्ये पुन्हा उघडलं. तासाभराच्या तयारीने जाऊ नका, अर्धा दिवस ठेवा. विल्ट्झलाही संपाचं दीपस्तंभासारखं स्मारक आहे, राजधानीतून काउटनबाखमार्गे रेल्वेने जाता येतं.

शेवटचा दिवस लासोव्हाजसाठी ठेवला होता. फ्रान्सच्या सीमेला चिकटलेलं, खाणकामगारांच्या चाळींसारख्या ओळीतल्या घरांचं गाव. भरतीतून निसटलेले तरुण इथल्या होंड्सबेशच्या खाणीत लपून राहिले होते, त्यांच्यावर गावात छोटं प्रदर्शन आहे. अंधाऱ्या बोगद्यांची नस न नस खाणकामगारांना ठाऊक, आणि बाहेर पकडले गेले तर सगळ्यांचंच मरण. तरी अन्न आत पोचत राहिलं.

जायचं तर उन्हाळ्यातला रविवार धरा. पेटांजहून वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी फाँ-द-ग्राला येते आणि तिथून खाणीची अरुंद गाडी डोंगराच्या पोटातून लासोव्हाजला नेते. आत ऐन उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर जवळ ठेवा.