इंदूर ते मुंबई : कागदावरची चाळीस मिनिटे

आज आईला घेऊन इंदूरहून मुंबईला आलो. दोन्ही शहरांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ५१० किलोमीटर आहे. तेव्हा ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला चाळीस मिनिटे पुरायला हवीत, असा हिशेब आईने बोर्डिंग पासच्या कोऱ्या बाजूवर मांडला आणि तिकिटावर सव्वा तास का, असे मला विचारले. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला उडवाउडवीचे उत्तर चालत नाही. छापील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. तीत धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशातली रांग धरलेली असते, आणि पूर्ण वेग मिळतो तो मधल्या थोड्या टप्प्यातच. नर्मदा खिडकीतून मागे पडली तेव्हाही विमान चढतच होते, हे मी तिला दाखवले.

रेल्वेचे गणित मात्र तिला मुळीच पटत नाही. अवंतिका एक्सप्रेस रतलाम, वडोदरा असा वळसा घेत आठशेहून अधिक किलोमीटर धावते, कारण थेट दक्षिणेकडचा मार्गच नाही. ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली, तीही २०२४ मध्ये.