काकांच्या मेडलांची नोंद : इंदूर ते जबलपूर

माझे काका फौजेत सिग्नल्सला, म्हणजे फौजेच्या संपर्क विभागात, लाइनमन होते. १९६३ साली भरती झाले, १९७९ साली नाईक म्हणून पेन्शनवर आले आणि तेव्हापासून इंदुरात लोकमान्य नगरला आहेत. १९७१ च्या डिसेंबरात ते बाडमेरच्या पुढे, मुनाबाव-खोखरापारच्या रेल्वेलाइनीच्या बाजूनं वाळूत टेलिफोनच्या तारा टाकत होते. आपली फौज नया छोरच्या दिशेनं सरकत होती आणि तिच्यामागून खांद्यावर केबलचं रीळ घेऊन ही माणसं जात होती. त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकात, मात्र १९६५ चं रक्षा मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे, नऊ वर्षांच्या सेवेचं आहे, आणि १९७१ चं एकही नाही. ती नोंद करून घेण्यासाठी आम्ही दोघं जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्ड ऑफिसला जाऊन आलो. आमच्यासारखेच कागद घरात असलेली कितीतरी मराठी घरं इंदूर, देवास, धार, महू भागात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, कारण हा प्रश्न मला नातेवाइकांनीच सगळ्यात जास्त विचारला. यात पैसा नाही. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र अशा शौर्यपदकांना भत्ता असतो. पश्चिमी स्टार, पूर्वी स्टार, संग्राम मेडल ही १९७१ च्या लढाईच्या काळात नेमून दिलेल्या भागात हजर असलेल्यांची मेडलं आहेत, त्यांच्यावर दरमहा काही मिळत नाही. मग ऐंशी ओलांडलेल्या माणसाला एवढा प्रवास कशाला, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे. काकांनी ती लढाई केली आहे आणि सरकारी कागदात ती नाही. उद्या त्यांची नातवंडं कागद उघडून बघतील तेव्हा त्यांना त्यात १९७१ सापडलं पाहिजे. आणि हे काम काकांच्या हयातीतच व्हायला हवं. कुठल्या युनिटबरोबर होतो, सुभेदार कोण होते, कुठल्या स्टेशनवर उतरलो, हे आज फक्त तेच सांगू शकतात.

नोंद राहिली कशी? लढाईच्या तोंडावर काकांची तुकडी स्वतःच्या युनिटमधून काढून दुसऱ्या युनिटला अटॅच केली होती. फौजेत माणसाच्या बाबतीत जे काही घडतं, म्हणजे बढती, बदली, लग्न, मूल, मेडल, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये निघतं आणि तिथून रेकॉर्डमध्ये चढतं. अटॅच असलेल्या माणसाचं हे काम कोणी करायचं यात कुठंतरी दुवा सुटला असणार. काका म्हणतात, त्या काळी जवान मेडल मागायला जात नसे, मिळालं तर घ्यायचं. त्यामुळे त्यांनीही कधी विचारलं नाही.

जाण्याआधीची तयारी हाच या कामाचा मोठा भाग आहे. काकूंनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला तेव्हा त्यात एक गोल मेडल निघालं, काळं पडलेलं, रिबन विरलेली. समोरच्या बाजूला तीन सिंह. काकांना वाटत होतं की ते पंचविसाव्या वर्षाचंच आहे. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि भिंग घेऊन त्याची कडा फिरवत वाचायला लागले. कडेवर बारीक अक्षरांत आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव. नीट बघितलं तर ते संग्राम मेडल होतं. म्हणजे सरकारनं ते काकांच्या नावानं कोरून पाठवलं होतं, आणि डिस्चार्ज बुकात त्याचा पत्ता नव्हता. तुमच्या घरात मेडल असेल तर पहिल्यांदा ही कडा वाचा. पॉलिश लावून घासू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात. कडेचा जवळून फोटो काढा, नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. काकांच्या कामात सगळ्यात उपयोगी पडला तो हाच फोटो.

पश्चिमी स्टार मात्र डब्यात नव्हता, तो त्यांना मिळालाच नव्हता. तिथं पुरावा जमवायचा होता. काकांच्या तुकडीतले एक जण महूला स्थायिक झालेत. इंदूरहून महू वीस-पंचवीस किलोमीटर, सकाळी पोहे खाऊन निघालो आणि त्यांच्याकडे पोचलो. महूचं आणि मराठी सैनिकांचं नातं जुनं आहे. सुभेदार रामजी सकपाळ इथंच नोकरीला होते आणि १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म इथलाच. दोघं म्हातारे समोरासमोर बसले आणि तासभर माझ्याशी कोणी बोललंच नाही. पण त्या तासात मी वहीत जे टिपलं ते पुढं कामी आलं: कोणत्या युनिटला अटॅच होते, बाडमेरहून कधी निघाले, कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होते. महूच्या या सोबत्याच्या डिस्चार्ज बुकात पश्चिमी स्टारची नोंद होती. त्याची झेरॉक्स आणि "आम्ही दोघं एकाच तुकडीत, एकाच ठिकाणी होतो" असं त्यांचं नोटरी केलेलं शपथपत्र आम्ही घेतलं. सोबत्याचा कागद मिळत असेल तर तो अवश्य लावा.

आता कुठं जायचं ते. प्रत्येक रेजिमेंटचं आणि कोअरचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं आहे, आणि लोक इथंच चुकीच्या दारात उभे राहतात. सिग्नल्सचं जबलपूरला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. महार रेजिमेंटचं सागरला, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातच. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, रणगाडेवाल्यांचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनियरांचं, पुण्यात खडकीला, ईएमईचं, म्हणजे यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचं, सिकंदराबादला. नौसैनिकांचं मुंबईला मानखुर्दजवळ आणि वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानांचं काम या ऑफिसांत होतं, फौजेतल्या अधिकाऱ्यांचं रेकॉर्ड दिल्लीला असतं.

अर्ज एका पानाचा ठेवा. आम्ही इंग्रजीत लिहिला, वरती नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर. खाली मागणी दोन वेगळ्या परिच्छेदांत: एक, संग्राम मेडल मिळालेलं आहे, त्याची नोंद डिस्चार्ज बुकात आणि रेकॉर्डमध्ये घ्यावी, दोन, पश्चिमी स्टारसाठीची पात्रता तपासावी आणि पात्र असल्यास तो मंजूर करावा. या दोन गोष्टी एकत्र करू नका. पहिलीत फक्त नोंद चढवायची असते. दुसरीत युनिट त्या तारखांना कुठं होतं याची पडताळणी असते, तिला वेळ लागतो, आणि ती अडकली की पहिलीही तिच्यामागे अडकून बसते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जावर अग्रेषणाचा, म्हणजे पुढं पाठवल्याचा, शिक्का घेतला तर बरं, आम्ही घेतला.

इंदूरहून जबलपूरला ओव्हरनाइट एक्सप्रेस सोयीची. संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं. म्हातारं माणूस सोबत असेल तर लोअर बर्थ मिळेपर्यंत तारीख पुढं ढकला, पण वरच्या बर्थवर नेऊ नका. आम्ही जानेवारीत गेलो आणि जबलपूरची पहाटेची थंडी इंदूरपेक्षा बोचरी लागली. कानटोपी आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. कागदांची फाइल रात्री उशाखाली, आणि मूळ डिस्चार्ज बुक त्यातही वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. मूळ बुक पोस्टानं कुठंही पाठवू नका. हे हरवलं तर सगळंच अवघड होतं.

गेटवर माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि आधार दाखवावं लागलं, मोबाईल बाहेर जमा केला. म्हणून सगळे फोटो छापून न्या, मोबाईलमध्ये ठेवलेला कडेचा फोटो आत काही कामाचा नाही. सकाळी ऑफिस उघडतानाच पोचा आणि शनिवार-रविवार, सुट्ट्या आधी बघून घ्या.

आतला प्रसंग मी विसरणार नाही. टेबलामागच्या हवालदारांनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, "साहब, नंबर?" काका खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले आणि एका श्वासात नंबर, हुद्दा, नाव बोलून गेले. घरी चष्मा कुठं ठेवला ते त्यांना आठवत नाही. तो हवालदारही उठून उभा राहिला. म्हणाला, "बैठिए दादा, आपका काम देखते हैं।" आणि खरंच बघितलं. मेडलच्या कडेवरचा नंबर आणि रेकॉर्डमधला नंबर त्यांनी ताडून पाहिला, मेडल हातात घेऊन स्वतः कडा वाचली. मग अर्ज डायरीवर, म्हणजे आवक नोंदवहीत, घेतला आणि आमच्या कॉपीवर तारखेसह शिक्का मारून दिला. हा शिक्का आणि डायरी नंबर घेतल्याशिवाय कुठल्याही ऑफिसातून बाहेर पडू नका. पुढची सगळी पत्रं त्याच नंबरावर चालतात.

आमची ट्रेन संध्याकाळची होती, म्हणून दुपारी सदर भागातल्या इंडियन कॉफी हाउसमध्ये डोसा खाल्ला आणि ग्वारीघाटला जाऊन नर्मदेचं दर्शन घेतलं. काकांना पायऱ्या झेपत नव्हत्या, तर वरूनच हात जोडले. भेडाघाट राहिला, वयस्कर माणसाला घेऊन एका दिवसात दोन्ही जमवायचं म्हटलं तर दमछाक होते.

पुढं काय झालं? संग्राम मेडलची नोंद झाली. पत्र आलं, त्याप्रमाणे बुक दाखवून त्यात सही-शिक्क्यानिशी ओळ चढली. पश्चिमी स्टारची पडताळणी अजून चालू आहे, काका अटॅच होते त्या युनिटच्या कागदांवरून ती व्हायची आहे. मी दर काही आठवड्यांनी डायरी नंबर लिहून स्पीड पोस्टनं स्मरणपत्र पाठवते. भाषा साधी, तक्रारीचा सूर नाही.

काही जण सुरुवातच माहिती अधिकाराच्या अर्जानं करतात. त्याचा उपयोग कुठं होतो ते समजून घ्या. दहा रुपयांच्या फीत तुम्ही "माझ्या रेकॉर्डमध्ये कोणत्या मेडलांची नोंद आहे, त्याची प्रत द्या" असं विचारू शकता आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. "नोंद वाढवा" ही मागणी मात्र त्यात होत नाही, त्यासाठी साधा अर्जच लागतो. ज्यांच्याकडे डिस्चार्ज बुकच नाही किंवा वाळवीनं खाल्लं आहे, त्यांनी आधी ही प्रत मागवावी.

ज्यांना पेन्शन नाही, म्हणजे जे लवकर घरी आले, त्यांच्यासाठी घाई जास्त आहे. पेन्शन नसलेल्यांची सेवेची कागदपत्रं डिस्चार्जनंतर पंचवीस वर्षं ठेवून नष्ट केली जातात. लाँग रोल, म्हणजे नावांची मूळ वही, मात्र कायम राहते. त्यामुळे "कागद नाहीत" असं उत्तर आलं तरी लाँग रोलमधला उतारा मागा आणि घरातलं जे काही आहे, मेडलची कडा, जुनी पत्रं, युनिटचा फोटो, ते सगळं जोडा. सैनिक हयात नसेल तर पत्नीनं स्वतःच्या नावानं अर्ज करावा, सोबत मृत्यूचा दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ लावावा.

आणखी एक. महूला आणि जबलपूरच्या सदरला फौजी टेलरांच्या दुकानांत सगळी मेडलं आणि रिबनी तयार मिळतात. २६ जानेवारीच्या कार्यक्रमाला छातीवर पूर्ण रांग दिसावी म्हणून मुलं ती आणून देतात. नोंद असलेल्या मेडलाची जोडी घ्यायला हरकत नाही, मूळ मेडल घरी सुरक्षित राहतं. पण पश्चिमी स्टार काकांनी विकत घेऊ दिला नाही. दुकानदारानं पुढं केला तेव्हा ते म्हणाले, "अगं, तो सरकार देईल तेव्हा लावू." त्या दुकानातून आम्ही संग्राम मेडलची नवी रिबन तेवढी घेतली.