बॅटऱ्या कुठं आहेत, दादा?

मी मूळची उदगीरची. चार वर्षं झाली, हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर एका विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये नोकरी करते. कोल्हापूर, नाशिक, शिर्डीच्या फ्लाइटला ड्यूटी लागली की मला बरं वाटतं, गेटवर आपली भाषा कानावर पडते. ज्या संध्याकाळबद्दल लिहितेय, तेव्हा मला मराठी येत नसती तर एक बॅग विमानात तशीच गेली असती.

फ्लाइट कोल्हापूरची होती, विमान एटीआर ७२. पंख्याच्या या विमानाला मोठ्या जेटसारखं पोट नसतं. सामानाचा कप्पा कॉकपिटच्या लगेच मागं, प्रवासी चढतात शेपटीकडच्या दारानं, आणि डोक्यावरची कपाटं इतकी उथळ की ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या मापात बसणारी ट्रॉलीसुद्धा तिथं पुष्कळदा मावत नाही. म्हणून ट्रॉल्या आम्ही गेटवरच ठेवून घेतो, टॅग लावतो आणि सामानाच्या कप्प्यात पाठवतो.

लग्नसराईचे दिवस होते. रांगेत तिशीतला एक फोटोग्राफर उभा होता, डोळे जागरणानं लाल झालेले. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात काळी ट्रॉली. ऑनलाइन चेक-इन केलेलं आणि काउंटरवर द्यायला काही नाही, म्हणजे त्याची ट्रॉली तोपर्यंत कुणी वजनकाट्यावर ठेवलेलीच नव्हती. मी उचलली आणि हाताला कळलं. काट्यावर पावणेअकरा किलो. नियम सात किलोचा.

"ताई, ही माझ्याजवळच ऱ्हाऊ दे. लई नाजूक सामान हाय."

त्याची भीती खोटी नव्हती. सामान चढवताना-उतरवताना बॅगा कशा आदळतात ते मी रोज बघते. तो दोन दिवसांचं लग्न शूट करून निघाला होता, आणि लग्न काही पुन्हा लागत नाही. मी विचारलं, "फोटोंची मेमरी कार्डं कुठं आहेत?" त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. मग मी म्हटलं, "कॅमेरा आणि महागाच्या लेन्स सॅकमध्ये घ्या, सॅक सीटखाली बसते." त्यानं तिथंच खाली बसून कॅमेऱ्याच्या दोन बॉडी आणि दोन लेन्स लॅपटॉपशेजारी कोंबल्या. मागं रांग चुळबुळ करत होती. मी टॅग लावता लावता, दिवसातून शंभरदा विचारते तसं, हिंदीत विचारलं, "लिथियम बॅटरी, पॉवर बँक कुछ है इसमें?" तो म्हणाला, "नहीं." त्यानं ट्रॉलीच्या नंबर लॉकची चाकं फिरवली आणि ट्रॉली खाली गेली.

शेवटच्या बसबरोबर मी कागद घेऊन विमानापाशी गेले. बसमध्ये तो माझ्याकडं पाठ करून फोनवर बोलत होता. "बॅटऱ्या समद्या ट्रॉलीतच हायत रे. घरात गेल्यावर लावतो चार्जिंगला, उद्या हळदीला लागत्यात."

मी त्याच्या खांद्याला हात लावला. "दादा, कुठल्या बॅटऱ्या?"

"कॅमेऱ्याच्या. फ्लॅशच्या पण हायत."

बस थांबल्याबरोबर मी विमानाच्या पुढच्या बाजूला धावले. लोडरनं कप्प्याचं दार नुकतंच ओढून घेतलं होतं. "मॅडम, हो गया सब," तो म्हणाला. मी म्हटलं, "खोलो भय्या, एक बॅग निकालनी है." वॉकीटॉकीवर सुपरवायझरला कळवलं, कॅप्टनना निरोप गेला. ती ट्रॉली अर्थातच सगळ्यांत आत होती. बाकीच्या सगळ्या बॅगा बाहेर काढाव्या लागल्या.

ट्रॉली उघडली तेव्हा बॅटऱ्या चार्जरच्या वायरींच्या गुंताड्यात पडल्या होत्या. कॅमेऱ्याच्या नऊ, फ्लॅशच्या दोन. एकावरही टोपण नव्हतं. त्यांच्यातच ट्रायपॉडचे स्क्रू, एक ॲलन की आणि थोडी चिल्लर. दोन बॅटऱ्यांची पितळी टोकं त्या लोखंडी किल्लीपासून बोटभर अंतरावर होती, टेकली असती तर शॉर्ट सर्किट. मी एकेक उचलत गेले, आणि एक उचलली ती टेबलावर ठेवली तर डुगडुगेल अशी होती. स्वस्तातली, दुसऱ्याच कुठल्या ब्रँडची, मधून फुगलेली.

हा माल विमानात नेऊच नये असा नियम नाही, हे मुद्दाम सांगते. कॅमेऱ्याची एक बॅटरी ७.२ व्होल्टची, साधारण २००० एमएएचची. गुणाकार करून हजारानं भागलं की १४-१५ वॉट-अवर होतात, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा. परवानगी न घेता १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी नेता येते, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. प्रश्न जागेचा आहे. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच हव्यात. तिथं धूर निघाला तर शेजारचा माणूस ओरडतो, क्रू अग्निशामक आणि पाणी घेऊन धावतात. लिथियमची बॅटरी एकदा आतून तापायला लागली की एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. अग्निशामकातल्या हॅलॉन गॅसनं ज्वाळा विझतात, ती आतली उष्णता जात नाही, तिला पाण्यानंच थंड करावं लागतं. बंद कप्प्यात पाणी कोण ओतणार? दर दोन वर्षांनी होणाऱ्या आमच्या डीजीआर, म्हणजे धोकादायक मालाच्या नियमांच्या ट्रेनिंगमध्ये ३ सप्टेंबर २०१० च्या दुबईच्या अपघाताबद्दल शिकवतात. मालवाहू बोइंग ७४७, आत लिथियम बॅटऱ्यांचा माल, उड्डाणानंतर आग, दोन्ही वैमानिक गेले. ते ऐकून मी त्या दिवशी जेवले नव्हते.

आणि यात त्या माणसाची चूक काढायला मला जागाच सापडत नाही. सिक्युरिटीला त्याची ट्रॉली हँडबॅग होती, बॅटऱ्या तिच्यात असणं अगदी बरोबर होतं, म्हणून तिथं कुणी अडवलं नाही. गेटवर मी टॅग लावला त्या क्षणी ती चेक-इन बॅग झाली. आतल्या वस्तू त्याच राहिल्या, नियम बदलला. हे त्याला कळायला हवं होतं तर सांगायचं कुणी? मीच.

तो मान खाली घालून म्हणाला, "तुमी लिथियम इचारलं वो ताई. मला वाटलं ते कायतरी येगळं असतंय. ह्या तर आपल्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या."

हे ऐकून मला वाईट वाटलं ते स्वतःचं. चार वर्षं मी हाच शब्द वापरत होते. लिथियम! कोण म्हणतं घरी, की लिथियम चार्जिंगला लाव?

त्याच्याकडं काळी गॅफर टेप होती. तो दातांनी तुकडे तोडत होता आणि मी एकेका बॅटरीच्या टोकांवर चिकटवत होते. त्या सगळ्या सॅकच्या वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या. फुगलेली मात्र कुठल्याच पिशवीतून जाणार नव्हती. "नवीच हाय की," तो म्हणाला, पण हट्ट केला नाही. ती सुपरवायझरनं ताब्यात घेतली. जिन्याच्या पायरीवरून तो वळला. "उद्या हळदीत एक कमी पडंल, पन चालतंय."

फ्लाइट अकरा मिनिटं उशिरा सुटली. मला लेखी द्यावं लागलं. मी खरं तेच लिहिलं, की टॅग लावताना प्रश्न विचारला होता, पण प्रवाशाला समजेल असा विचारला नव्हता. त्यावर बोलणी बसली नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं.

तेव्हापासून टॅग लावण्याआधी हातातला स्टिकर खाली ठेवते आणि वस्तूंची नावं घेऊन विचारते. कॅमेऱ्याची बॅटरी? फ्लॅशची? पॉवर बँक? ड्रोनची? माणूस मराठी दिसला तर मराठीत. मागच्या आठवड्यात शिर्डीच्या फ्लाइटला एक आजी ठामपणे म्हणाल्या, "नाही गं बाई, कपडेच आहेत." मी म्हटलं, "आजी, मोबाइल चार्ज करायची ती डबी?" त्यांनी बॅगेची चेन उघडली, जरीच्या साडीची घडी उचलली, आणि आतून नातवाची पॉवर बँक काढून माझ्या हातात दिली. "हिला पण बॅटरीच म्हणतात होय?"

"हो आजी. ही तुमच्या पर्समध्ये ठेवा."