बाबांच्या वहीतली तूट

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी मी बाबांना बँकेत घेऊन जाते. नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ लेथवर काम केले आणि त्या कामाने त्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की यंत्राला त्यांचा अंगठा ओळखताच येत नाही. या वेळीही आधी उजवा अंगठा झाला, मग डावा, मग हात धोतराच्या फडक्याला पुसून पुन्हा तर्जनी, आणि शेवटी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरल्यावर काम झाले. ज्या पेन्शनसाठी हे सारे करायचे, ती महिन्याला दोन हजार रुपयांहून थोडी अधिक आहे. २०१२ साली ते निवृत्त झाले तेव्हाही ती तेवढीच होती.

ही १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. शेवटच्या वर्षांतल्या पगाराची सरासरी काढायची, तिला पेन्शनपात्र सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे, हा तिचा हिशेब. मात्र त्यात धरायच्या पगाराला मर्यादा आहे. बाबांच्या वेळी ती ६,५०० रुपये होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली आणि तिथेच राहिली. म्हणजे पगार कितीही असला आणि पस्तीस वर्षांची सेवा धरली, तरी या मर्यादेवर पेन्शन साडेसात हजारांपुढे जात नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. महागाईभत्ता नाही. या निवृत्तांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण केले, दिल्लीला मोर्चे नेले, किमान साडेसात हजार पेन्शन आणि महागाईभत्ता अशी मागणी केली. त्यांना मिळालेले उत्तर असे, की विमागणिती मूल्यांकनानुसार, म्हणजे पुढे द्याव्या लागणाऱ्या पेन्शनच्या अंदाजी हिशेबानुसार, पेन्शन निधीतच तूट आहे.

‘तूट’ हा शब्द आमच्या घरात दर १ फेब्रुवारीलाही ऐकू येतो. अर्थसंकल्पाच्या भाषणात आम्ही ज्या आकड्याची वाट पाहत नसतो, तोच आकडा सर्वांत आधी चर्चेला येतो. करोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे कमाईपेक्षा जास्त झालेला आणि कर्जाने भागवलेला खर्च, देशाच्या उत्पन्नाच्या ९.२ टक्क्यांवर गेली होती. ती २०२५-२६ पर्यंत साडेचार टक्क्यांच्या खाली आणण्याचा निर्धार २०२१ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला, २०२४-२५ मध्ये ती ४.८ टक्क्यांवर आली आणि पुढच्या वर्षासाठी ४.४ टक्के असे लक्ष्य ठरले. ही शिस्त मी निरर्थक मानत नाही. २०२५-२६ च्या सुमारे ५०.६५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात पावणेतेरा लाख कोटींच्या आसपास रक्कम निव्वळ व्याजापोटी जाते, आणि कर्ज काढून संसार चालवणाऱ्या कुणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की सरकारच्या वहीतून कमी झालेली तूट पुढे जाते कुठे.

तिचा काही भाग आमच्या वहीत आला आहे. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत बंद झाली. पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट मिळत असे. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, पण सवलत परतली नाही. प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत आधीच मिळते आहे, असे उत्तर त्यावर देण्यात आले. नागपूरच्या आत्याकडे वर्षातून दोनदा जाणारे बाबा आता एकदाच जातात. त्याच सुमारास, एप्रिल २०२० मध्ये, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या, खात्यावरचा व्याजदर ७.९ वरून ७.१ टक्क्यांवर आणला गेला आणि तो तिथेच आहे. इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: अल्पबचतीचा हा पैसा सरकार आपली तूट भरून काढण्यासाठीच उसना घेते. म्हणजे व्याज कमी झाले की सरकारची बाजू हलकी होते आणि बचत करणाऱ्याची जड होते. ३१ मार्च २०२१ च्या रात्री हाच दर ६.४ टक्के करण्याचा आदेश निघाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला गेला. त्या एका रात्रीत बाबांनी वहीच्या मागच्या पानावर केलेली आकडेमोड अजून तशीच आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर न लावण्याचा २०२५ चा निर्णय माझ्यासारख्या पगारदारांना खरोखर उपयोगी पडला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये हटला. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचे संरक्षण मिळते. बाबांचे कार्ड मी स्वतः काढून आणले. यावरून एवढे तर दिसतेच, की ठरवले तर पैसा सोडता येतो. २०१९ मध्ये कंपन्यांवरचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणताना वर्षाला १.४५ लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज सरकारनेच दिला होता, आणि तेव्हा तूट आडवी आली नाही. नव्या एकीकृत पेन्शन योजनेत केंद्रीय कर्मचाऱ्याला दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान दहा हजार रुपये मिळतात. ते त्यांना मिळावेत, त्याबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. पण लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या वाट्याला एक हजाराचा किमान आकडा यावा आणि तोही अकरा वर्षे हलू नये, हे मला पटत नाही.

आई सदुसष्ट वर्षांची आहे. आयुष्मानच्या कार्डाला तिला आणखी तीन वर्षे आहेत आणि तिच्या विम्याचा हप्ता दरवर्षी वाढतो. मी भरते म्हटले तरी बाबा ऐकत नाहीत. या वेळच्या हप्त्यासाठी त्यांनी मुदत ठेवीची एक पावती मुदतीआधीच मोडली आणि मिळालेली रक्कम वहीत ‘जमा’ या रकान्यात लिहिली.