आधी नळी कुठे आहे ते बघ
भाचा साउथ डकोटात स्थायिक आहे. यंदा गाइडसोबत फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला निघालाय, म्हणून मला नाशिकला फोन केला. वडिलांची पीक संरक्षणाची बारा बोअरची दुनळी बंदूक माझ्या नावावर आहे ना! आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हळूहळू बंद झाली, ते योग्यच झालं. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मी दुर्बीण घेऊनच जातो.

त्याला म्हटलं, कुंपण ओलांडताना बंदूक उघडून काडतुसं बाहेर काढायची. बोट चापाबाहेर. रांगेतल्या शेजाऱ्यासमोरचा पक्षी शेजाऱ्याचा. खालून उडणाऱ्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही, मागे कुत्रा असतो.

आणि वीस बोअरची काडतुसं पिवळी का असतात, माहितेय? वीसचं काडतूस बाराच्यापेक्षा बारीक; ते चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर पुढे सरकून अडकतं. मागून नळी रिकामी वाटते. माणूस बाराचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी हातात फुटते. दोन्ही एका खिशात कधीच ठेवू नकोस, बाबा. हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

गाइड "थांब" म्हणाला की वाद नको. बिअर प्यायचीच असेल तर बंदुका पेटीत गेल्यावर.