आमची वाटचाल : देवपूरच्या ऑफिसातला साक्षी दगड

धुळ्यात देवपूरला आमच्या फर्मचं ऑफिस आहे. विहिरी-बोअरसाठी जमिनीखालचा दगड तपासायचं आमचं काम. तिथे टेबलावर काळ्या दगडाचा कापलेला ठोकळा असतो, वीतभर लांब, वरून घासून गुळगुळीत केलेला. येणारा माणूस पेपरवेट समजून तो उचलायला जातो आणि आमच्यापैकी कुणीतरी पटकन त्याला थांबवतो. हा आमचा साक्षी दगड. रोज सकाळी साइटवर निघण्याआधी त्याच्यावर दगडाचा चुंबकीय गुण मोजणारं मीटर टेकवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. कालचा आणि आजचा आकडा जुळला तरच गाडी निघते. २००८ पासून हा नेम चुकलेला नाही.

फर्म २००३ सालची. भूजल खात्यातून निवृत्त झालेले नाना आणि मी, असे दोघंच होतो. नानांकडे अनुभव होता, माझ्याकडे मोटरसायकल. सुरुवातीला आम्ही रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजायचं काम करायचो. चार खुंट्या, तारेची रिळं आणि दिवसभर उन्हात ओढाताण. खिशात नानांचा एक हातचुंबक असायचा, दोऱ्याला बांधलेला. कुठल्याही ओढ्यात उतरलं की आधी तो दगडाजवळ लोंबता धरायचे. चुंबक किती झुकतो त्यावरून ते म्हणायचे, “हा दगड वेगळा आहे रे.” किती वेगळा, ते मात्र सांगता यायचं नाही. ती खंत त्यांना फार होती.

म्हणून मीटर घेतलं. झेक देशात ब्रनो शहरात बनलेलं, शर्टाच्या खिशात मावणारं. नानांनी ग्रॅच्युइटीतले पैसे घातले, माझ्या आईने पाटल्या गहाण ठेवायला दिल्या. पार्सल आलं त्या दिवशी नानांनी आधी हात धुतले, मग खोका उघडला.

या कामातल्यांना नव्याने सांगायला नको, पण गिऱ्हाइकांसाठी लिहितो. मीटरच्या पोटात तारेचं वेटोळं असतं आणि त्यात काही हजार हर्ट्‌झचा प्रवाह फिरतो. दगडात मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय खनिज असेल तर वेटोळ्याजवळ दगड येताच ती वारंवारिता किंचित उतरते. आधी हवेत, मग दगडावर, पुन्हा हवेत, असं तीनदा मोजून मीटर फरक काढतं आणि दगडाची चुंबकीय ग्रहणशीलता सांगतं. आपल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट भरपूर, त्यामुळे आकडा ठसठशीत येतो. गारगोटी किंवा कॅल्साइटवर टेकवलं तर शून्याच्याही किंचित खाली जातो.

आणखी एक मोठा फायदा. दख्खनचे बरेच लाव्हा थर पृथ्वीचं चुंबकत्व उलटं असताना थिजले. वीज पडलेल्या टेकडीवर तर होकायंत्रही भरकटतं. आमच्या मीटरला या दोन्हीचं काही नाही. दगडाने पूर्वीपासून धरून ठेवलेलं चुंबकत्व ते मोजतच नाही, आत्ता लावलेल्या क्षेत्राला दगड किती साथ देतो एवढंच मोजतं.

पण ते वाचतं दगडाचे वरचे दोनेक सेंटिमीटर. हे वाक्य मी आमच्या लेटरहेडवर छापून घेतलं आहे. रावेर-यावलकडचे केळीवाले फोन करतात, तेव्हा आम्ही नाही म्हणतो. तिथे तापीचा गाळ शेकडो फूट आहे, त्यावर मीटर टेकवून खालचं काय कळणार? हातातलं काम सोडताना जीव तुटतो, पण सोडतो.

आमचं काम धुळे-नंदुरबारच्या डाइकांवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा थरांना चिरत डोलेराइट या कठीण काळ्या दगडाच्या या उभ्या भिंती शेतांतून, ओढ्यांतून, डोंगरांतून गेल्या आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम. उघड्या पडल्या की त्यांचे आडवे खांब लाकडाच्या मोळीसारखे रचलेले दिसतात. अशी भिंत अखंड असेल तर जमिनीखालचा बंधाराच. चढाच्या बाजूने पाणी अडतं, उताराच्या बाजूला विहीर कोरडी. भिंत तडकलेली असेल तर मात्र पाणी तिच्यातूनच धावतं. अडचण अशी की मुरूम झालेला डाइक आणि मुरूम झालेला बेसॉल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. तिथे मीटर लागतं. ओढ्यात एक टोक सापडलं, पलीकडच्या विहिरीच्या भिंतीत दुसरं सापडलं, की दोन्ही आकडे जुळवून रेघ मारता येते. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून पाणी जिरवलं, ते काम पाहून नाना नेहमी म्हणायचे की जिरवायच्या आधी खालचा दगड कोणता ते माहीत हवं.

२००९ ते २०१८ कामं चांगली झाली, कर्ज फिटलं.

मग २०१९चा उन्हाळा. त्याबद्दल मी आजवर गप्प राहिलो, आता लिहितो.

आमच्याकडे एक मुलगा चार वर्षं होता. हुशार होता. नानांनी त्याला शेजारी बसवून शिकवलं, घरचं जेवू घातलं. २०१८च्या दिवाळीला तो गेला आणि आमच्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स घेऊन गेला. तसलंच मीटर विकत घेतलं आणि आमच्याच गावांमध्ये पाणी दाखवणारं फॉरेन मशीन म्हणून फिरू लागला. आकडा चाळीसच्या वर गेला की खाली पाणी, असं सांगायचा. हा चाळीस कुठून आला, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या एका वहीत साक्री तालुक्यातल्या एका गावाची नोंद होती : आजूबाजूचा बेसॉल्ट पंचविशीच्या आसपास, डाइक चाळीसच्या वर, वरच्या बाजूची विहीर भरलेली. त्याने एका गावाची नोंद उचलली आणि सगळ्या खानदेशाला लावली.

परिणाम काय झाला? चाळीसच्या वर आकडा शोधत शोधत त्याने लोकांना नेमके डाइकच्या डोक्यावर बोअर मारायला लावले. अखंड डोलेराइटमध्ये चारशे फूट, नुसती राख. दुसऱ्या एका गावात तर आजूबाजूचा बेसॉल्टच चाळीसच्या वर आणि डाइकचा आकडा कमी. तिथे त्याला गावभर पाणी दिसलं.

आणि शिव्या आम्हाला. कारण ते मीटर लोकांनी आधी आमच्या हातात पाहिलेलं. एका गावात पारावर माझी गाडी अडवली. खडी क्रशरवाल्यांनी कामं थांबवली, दोन मुलं पगार थकल्यामुळे गेली, बँकेचे तीन हप्ते चुकले. पाणाड्या नारळ घेऊन फिरतो, तो निदान शास्त्राचं नाव घेत नाही, असं नाना म्हणाले आणि दोन दिवस ऑफिसला आले नाहीत. मी मीटर विकायला काढलं होतं. गिऱ्हाईकही ठरलं होतं.

वाचवलं ते आप्पांनी. साक्री तालुक्यातले कांदा करणारे शेतकरी, २००४ पासूनचं आमचं गिऱ्हाईक. त्यांच्या रानात दोन विहिरी, मध्ये डाइक. त्यांनी निरोप पाठवला की सगळ्यांसमोर दोन्ही विहिरींत उतरा. मे महिना, ऊन चाळीसच्या पुढे. पाळण्यात बसून मी वरच्या विहिरीत उतरलो, फूटफूट अंतरावर भिंत ब्रशने साफ करून मीटर टेकवलं, आकडे ओरडून सांगितले, वर आप्पांचा नातू लिहीत होता. सव्वीस, चोवीस, सत्तावीस. उताराकडच्या भिंतीत एका वितीत आकडा सत्तावीसवरून पन्नासवर गेला. तिथे डाइक सुरू. खाली पुरुषभर पाणी. मग खालची विहीर. तिथलेही आकडे पंचवीस-सव्वीस, पण तळाला भेगाळलेली माती.

आप्पा काठावर उभे राहून लोकांना म्हणाले, “आकडा सारखाच शे, मंग पानी एकाच इहिरमा कसं?” कुणी बोलेना. मग मला म्हणाले, “भाऊ, सांग आते.” मी सांगितलं : आप्पा, हे मीटर पाणी दाखवत नाही, दगड ओळखतं. भिंत कुठे आहे ते त्याने कळतं, पाणी कुठल्या बाजूला ते उतार पाहून, विहिरी पाहून, रेझिस्टिव्हिटी लावून ठरवायचं. त्या दिवशी संध्याकाळी दोघा शेतकऱ्यांनी काम दिलं. आप्पांनी जुन्या कामाचे राहिलेले पैसे दिले, जे मी मागितलेही नव्हते. मीटर राहिलं.

त्या मुलाने कधी फोन केला नाही. नाना २०२२ मध्ये गेले, तोपर्यंत ते वाट पाहत होते, हे मला माहीत आहे. वह्यांची झेरॉक्स मागितली असती तर त्यांनी स्वतः काढून दिली असती.

नवीन मुलं या कामात येत आहेत, त्यांना चार गोष्टी सांगतो. अंगठी, कडं, किल्ल्या, मोबाइल काढून ठेवा. मीटर उन्हात तापू देऊ नका, तापलं की आकडा सरकतो. सावलीसाठी छत्री धरू नका, काड्या लोखंडी असतात. आम्ही पांढरं ओलं उपरणं धरतो. हातोडीने दगड फोडला असेल तर तो भाग पुसून घ्या, पोलादाचा कण राहतो. खडबडीत भागावर आकडा कमी येतो, म्हणून सपाट जागा निवडा आणि एका ठिकाणी निदान दहा वेळा मोजा. झिओलाइटच्या डोळ्यावर, म्हणजे बेसॉल्टच्या पोकळीत भरलेल्या पांढऱ्या खनिजावर टेकवू नका. जुना अहवाल हातात आला तर आकडे सीजीएस या जुन्या एककपद्धतीत आहेत का ते आधी बघा. असतील तर १२.५७ने गुणल्याशिवाय आपल्या एसआय पद्धतीतल्या आकड्यांशी ताडू नका. आणि वही दुसऱ्याला दिली तर गावाचं नाव, उतार आणि विहिरीची पातळी यांच्यासकट द्या, नुसता आकडा कधीच देऊ नका.

आता आप्पांचा नातू आमच्याकडे आहे. विद्यापीठाची परीक्षा देऊन आला आणि साक्षी दगडाची वही त्याने स्वतःहून ताब्यात घेतली.

२०१९ साली चाळीसच्या हिशोबाने ज्यांनी बोअर मारले आणि कोरडे गेले, त्यांना मी इथे उघड सांगतो : कागद असतील तर घेऊन या. जवळची विहीर आणि ओढा आम्ही येऊन पाहू, पैसे घेणार नाही. बोअरचा भुगा जपून ठेवला असेल तर तोही आणा, पण बारीक पूड नको, हॅमरचं झिजलेलं लोखंड तिच्यातच असतं. मोठे तुकडे निवडून पाण्याने धुवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पत्र्याच्या डब्यात आणू नका.